एक इकडची, एक तिकडची

जीपचं नाक माझ्या पुढच्या चाकापाशी आलं, तेव्हा मी बस आणखी एक हात पुढं घेतली. पुढच्या ट्रकची फळी आणि माझा बंपर यांच्यात वीतभर जागा राहिली. जीपवाल्यानं काच खाली केली, हात नाचवला, काहीतरी बोलला. मी सरळ पुढं बघत राहिलो. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "घुसू देऊ नका मामा," आणि मी दिलं नाही.

धारेच्या पुलाच्या तोंडाशी हे रोजचंच होतं. सकाळी नऊ ते अकरा आमचं अर्धं शहर नदीपलीकडच्या कारखान्यांत कामाला जायचं, आणि त्या वाटेवर हा एकच पूल. छत्री चौकापासून पुलापर्यंत जाणाऱ्या बाजूला दोन गाड्या मावतील एवढा रस्ता, पुलावर मात्र एकाच गाडीचा. चौक ओलांडला की लगेच एक पाटी होती, 'पुढे अरुंद पूल. उजवीकडून चला.' सरळ माणसं ती पाटी वाचून उजव्या रांगेत लागायची. मग डावी बाजू पुलापर्यंत मोकळी पडायची, आणि तिथून चलाख लोक सुसाट येऊन ऐन तोंडाशी नाक खुपसायचे. मी चौदा नंबरची बस सोळा वर्षं त्या उजव्या रांगेतून नेली होती. आनंदा कुंभाराच्या पुढं डावीकडून कुणी घुसलेलं नाही, अशी डेपोत माझी ख्याती होती. नवीन ड्रायव्हरला ते सांगितलं जायचं, आणि मी ऐकू न आल्यासारखं करून ऐकायचो.

त्या दिवशी जीपवालाही हट्टी निघाला. आमची नाकं अशी अडकली, की पुढचा ट्रक निघून गेला तरी दोघांनाही हलता येईना. शेवटी वाहतुकीचे हवालदार खोत आले आणि त्यांनी जीप मागं घ्यायला लावली. मी गिअर टाकणार, तोच दुभाजकावर उभी असलेली एक तरुण बाई बसला वळसा घालून पुढच्या दारानं आत चढली. गळ्यात पालिकेचं ओळखपत्र, एका हातात वही, दुसऱ्यात शर्यतीची वेळ मोजतात तसलं घड्याळ.

"मामा, तुम्ही दोघं किती वेळ अडकला होता?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, असेल दहा-पंधरा सेकंद.

"एक मिनिट बावीस सेकंद. आणि तेवढा वेळ तुमच्या पुढचा पूल मोकळा पडला होता."

बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मी तिला ऐकवलं की पाटी मी मोडलेली नाही, तो मोडतोय. तिनं मान डोलावली. म्हणाली, "खरं आहे. तुम्ही पाटीप्रमाणंच वागताय. माझं भांडण त्या पाटीशीच आहे."

ती रेश्मा तांबोळी. रस्ते विभागात नवी लागलेली अभियंता, वय पंचवीस-सव्वीस. त्यानंतर तीन आठवडे मी तिला रोज सकाळी त्या दुभाजकावर बघत होतो. उन्हात, धुरात, डोक्याला ओढणी गुंडाळून. खोत हवालदार तिला छत्री द्यायला गेले तर म्हणाली, छत्री धरली तर लिहू कशानं. आमच्या डेपोतली पोरं तिला मोजणीवाली मॅडम म्हणायला लागली. मीही म्हणायचो, आणि त्यात सुरुवातीला थोडी चेष्टा होती हे कबूल करतो.

त्याच सुमारास आमच्या कुंभार गल्लीत भिंतींवर लाल खुणा पडल्या. गल्ली चौक आणि पुलाच्या मधे, रस्त्याच्या डाव्या अंगाला. पालिकेनं ठरवलं होतं की पुलाकडं जाणारा रस्ता रुंद करायचा, म्हणजे कोंडी सुटेल. त्यासाठी पुढच्या ओळीतली एकतीस घरं जाणार होती. माझा चुलतभाऊ विष्णू, त्याच्या दारावरच पहिली खूण होती. त्याच्या अंगणात आमच्या सगळ्या भाऊबंदांच्या मडक्यांची भाजणी व्हायची, गणपती तिथंच वाळायचे. खूण पडली त्या दिवशी विष्णू चाकावर बसलाच नाही. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिला, नोटीस आल्यावर किती दिवस देतात.

मॅडम गल्लीत मापं घ्यायला आल्या तेव्हा माझी सुट्टी होती. माणसं त्यांच्याशी धड बोलेनात. माझी बायको शालन विष्णूच्या ओट्यावर स्टोव्हमध्ये रॉकेल ओतत होती, तिनं मात्र पाणी दिलं आणि सरळ विचारलं, की एवढी घरं पाडून गर्दी खरंच कमी होणार आहे का.

मॅडमनी तिच्या हातातलं नरसाळं मागून घेतलं. "मामी, याचं वरचं तोंड परातीएवढं केलं तर रॉकेल लवकर उतरेल?"

"लवकर कसं उतरेल? खालची नळी तेवढीच की."

"हेच मी साहेबांना तीन पानं लिहून सांगतेय," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी ओट्यावर बसून आम्हाला सगळं समजावलं. पूल तेवढाच राहणार असेल तर अलीकडचा रस्ता कितीही रुंद करा, पुलावर गाडी एकच जाणार. नवा पूल व्हायला दहा वर्षं. खरा घोटाळा पाटीचा होता. पाटी लोकांना फार लवकर एका रांगेत लावते. एवढा रस्ता निम्मा वाया जातो, रांग दुप्पट लांब होते, चौकात शिरते, आणि मग ज्यांना पुलावर जायचंच नाही ते मंडईवाले, दवाखान्यात निघालेले, शाळेची पोरं, सगळे चौकात अडकतात. वर तोंडाशी भांडणं. त्यावर त्यांचा उपाय सोपा होता. दोन्ही रांगा शेवटपर्यंत भरू द्यायच्या आणि तोंडाशी एक गाडी इकडची, एक तिकडची, अशा सोडायच्या. कुणी चोर नाही, कुणी मूर्ख नाही.

मी म्हटलं, मॅडम, आपल्याकडं नाही चालणार हे.

"देशमाने साहेबही तेच म्हणाले," त्या म्हणाल्या, आणि चहाचा कप तसाच ठेवून उठल्या.

देशमाने साहेब म्हणजे त्यांचे वरिष्ठ. रुंदीकरणाचा प्रस्ताव त्यांचाच. माणूस वाईट नव्हता. तीस वर्षं रस्त्यावर काढलेली, लोकांना ओळखून असल्याची खात्री असलेला. मॅडमनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा त्यांनी तीन दिवस दिले. सोमवार ते बुधवार, सकाळी नऊ ते अकरा. जमलं नाही तर रुंदीकरणाला पर्याय नाही असं मॅडमनी स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं.

रविवारी जुनी पाटी निघाली. चौकापाशी नवी लागली, 'दोन्ही रांगा वापरा.' पुलाच्या तोंडाशी दोन पांढरे पट्टे हळूहळू जवळ येत एक होताना रंगवले, कडेला पिंपं ठेवली, आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'एक इकडची, एक तिकडची.' संध्याकाळी मॅडम डेपोत आल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उद्या चौदा नंबर डाव्या बाजूनं आणा. मोठी बस, रोजची बस डावीकडून आली, की ती बाजू घुसखोरांची नाही हे लोकांना पटेल.

रात्रभर मला ते रुचलं नाही. तरी विष्णूच्या तोंडाकडं बघून मी हो म्हटलं होतं.

सोमवारी मी बस डावीकडून नेली. रिकाम्या रस्त्यानं एका दमात तोंडाशी पोचलो आणि तिथं अडकलो. उजव्या रांगेतल्या एकानंही मला आत घेतलं नाही. घेणार कसे, सोळा वर्षं मी त्यांना हेच शिकवलं होतं. खोत शिट्टी मारत होते, पण लोक त्यांच्याकडं न बघता बंपरला बंपर लावून निघून जात होते. माझ्या मागं डाव्या रांगेत वीस गाड्या साचल्या, त्यांचे भोंगे वेगळेच. अकरा मिनिटं मी तिथं उभा होतो. रोज माझ्याशी हात करणारा वाळूच्या ट्रकवाला शेजारून जाताना म्हणाला, "आनंदा, तू पण?" बसमधल्या माणसांनीही बोलून घेतलं. एकाची हजेरी चुकली होती, त्याचं चूक नव्हतं.

डेपोत आल्यावर मी तोंड धुतलं आणि शेडमध्ये एकटाच बसलो. राग मॅडमवर होता, खोतांवर होता, ट्रकवाल्यावर होता. बसून बसून तो कमी झाला तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी त्या दुभाजकावरून दिसणार नव्हती. डावीकडून येणारा कितीही सरळ असला तरी तो मागणारा असतो. देणारा उजवीकडं असतो. म्हणजे सुरुवात उजव्या रांगेतून व्हायला हवी, आणि थांबणारा मोठा हवा, म्हणजे त्याला मागून कुणी रेटणार नाही.

मी मॅडमना शोधत पालिकेत गेलो. त्या रिकाम्या खोलीत वही उघडून बसल्या होत्या, डोळे लाल. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं, मग दोनदा पुन्हा सांगायला लावलं, आणि शेवटी म्हणाल्या, "मामा, हे मला सुचायला हवं होतं." मी म्हटलं, तुम्ही कधी सोळा वर्षं कुणाला अडवलंय का.

मंगळवारी पहाटे पाचला पहिल्या पाळीचे ड्रायव्हर जमले तेव्हा मी विषय काढला. पुलावरून आमच्या तीन मार्गांच्या बसा जायच्या, दर चार-पाच मिनिटाला एक. प्रत्येकानं उजव्या रांगेतून यायचं, तोंडाशी थांबायचं आणि डावीकडच्या एकाच गाडीला पुढं सोडायचं. आधी सगळे हसले. हे आनंदा कुंभार सांगतोय, म्हणून हसले. मी म्हटलं, पहिला मी थांबतो. तुम्ही बघा आणि मग ठरवा.

साडेनऊला मी तोंडाशी आलो. डावीकडं कांद्याच्या पोत्यांनी भरलेला टेंपो होता. मी ब्रेक दाबला. पुढं एका गाडीची जागा मोकळी झाली, आणि ती जागा बघून माझे पाय आपोआप वळवळले, खोटं कशाला सांगू. मी हातानं टेंपोला जा म्हटलं. तो गेला नाही. त्याला वाटलं हा काहीतरी डाव आहे, मी पुढं येऊन त्याला घासणार. मी परत हात केला. तो दबकत, माझ्याकडं बघत बघत पुढं सरकला आणि पुलावर चढल्यावर त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला. त्याच्या मागची मोटार त्याला चिकटून घुसायला आली, तेव्हा मात्र मी बस पुढं घेतली. एक म्हणजे एक.

दहा वाजेपर्यंत माझे सात-आठ सोबती तसंच करत होते, आणि खोत शिट्टीवर ताल धरल्यासारखे गाड्या सोडत होते. भांडणं झाली. एकदा दोन मोटारी घासल्या. पण रांग त्या दिवशी चौकात शिरली नाही.

संध्याकाळी मॅडम पेढे घेऊन गल्लीत आल्या, आणि थोड्या घाबरलेल्याही होत्या. बुधवारी साहेब स्वतः बघायला येणार होते. विष्णूकडून माझं घर विचारत त्या आतल्या ओळीत आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी भिंतीकडं बघितलं, मग दुसऱ्या बाजूची भिंत बघितली.

"मामा, तुमच्या घराला खूण नाही."

मी म्हटलं, नाही. आमचं घर मागच्या ओळीत. पुढची ओळ गेली असती तर आम्ही हमरस्त्यावर आलो असतो.

त्यांना ते कळायला एक क्षण लागला. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे रस्ता रुंद झाला असता तर तुमचा फायदाच होता."

आमच्याकडं त्यावर बोलून झालं होतं. खुणा पडल्या त्याच आठवड्यात एक माणूस येऊन मला विचारून गेला होता, पुढच्या खोलीचं दुकान काढणार का म्हणून. तो गेल्यावर शालननं एकच सांगितलं होतं, की विष्णूच्या चुलीवरून गाड्या जाताना बघत आपण दुकानात बसायचं असेल तर ती माहेरी जाईल. तीच आता आतून चहा घेऊन आली आणि मॅडमना म्हणाली, "बसा. उद्याचं उद्या बघू. आज खाऊन जावा."

बुधवारी सव्वानऊला देशमाने साहेब आले. त्यांची जीप चौकाजवळ थांबली होती, ते चालत पुलाच्या तोंडाशी गेले. पुढचं मला खोतांनी नंतर सांगितलं. साहेबांनी पंधरा मिनिटं बघितलं आणि मॅडमना म्हणाले की हे चालतंय कारण इथं चार पोलीस उभे आहेत. उद्या ते नसले की पहिलं तेच. मग त्यांनी खोतांना विनंती केली की तुमची माणसं बाजूला घ्या. खोतांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी होकार दिला. खोतांनी शिट्टी खिशात टाकली आणि चौघं जण समोरच्या टपरीवर जाऊन बसले.

मी तेव्हा उजव्या रांगेत आठ-दहा गाड्या मागं होतो. शिट्टी बंद झाल्याचं मला कळलं. बसमधली बडबडही थांबली. पोलीस निघून गेल्याचं पुढच्या दोघा-तिघांना दिसलं, आणि डावीकडून एक काळी मोटार दुसरीच्या पाठोपाठ तिचा नंबर नसताना आत शिरली. लगेच भोंगे सुरू झाले. उजवीकडचा रिक्षावाला तिच्या पुढं आडवा झाला. मला वाटलं, संपलं.

त्याच्या मागं दुधाचा टँकर होता. आमच्या डेपोचा नाही, कुणाच्या ओळखीचा नाही, कुठल्यातरी बाहेरगावच्या डेअरीचा. रिक्षा सुटून गेल्यावर तो टँकर थांबला. डावीकडच्या स्कूटरवरच्या बाईंना त्यानं हातानं पुढं बोलावलं. त्या गेल्या. मग टँकर गेला. मग डावीकडची एक मोटार, मग उजवीकडचा टेंपो. शिट्टी नाही, काठी नाही. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघून चालली होती. कुणी बोट वर करत होतं, कुणी नुसती मान हलवत होतं. माझ्या पाठीमागच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ हळू आवाजात म्हणत होते, "इकडची... आता तिकडची," आणि थोड्या वेळानं बसमधली निम्मी माणसं त्यांच्याबरोबर म्हणायला लागली.

मी तोंडाशी आलो तेव्हा नंबर माझा होता. डावीकडं बघितलं तर पालिकेची जीप. साहेबांना पलीकडं कारखानदारांच्या बैठकीला जायचं होतं, म्हणून ड्रायव्हरनं जीप आधीच डाव्या रांगेतून पुढं आणली होती आणि ते तोंडाशीच तिच्यात बसले होते. त्यांच्या ड्रायव्हरनं सवयीनं भोंगा दिला आणि जीप पुढं काढली. मी थांबलो. मी ठरवून टाकलं होतं की या पुलावर आता माझ्याकडून नाक अडकणार नाही, मग समोर कुणी का असेना. तेवढ्यात साहेबांनी ड्रायव्हरच्या हातावर हात ठेवला. जीप थांबली. त्यांनी काचेतून माझ्याकडं बघितलं आणि हातानं खूण केली, तुम्ही जा.

मी बस पुलावर घेतली. आरशात जीप माझ्या मागं येताना दिसली, आणि तिच्या मागं उजवीकडचा एक ट्रक. आयुष्यात मी बस पुष्कळ वेळा पुढं काढली असेल, पण छाती अशी कधी भरून आली नव्हती.

मॅडमच्या अहवालातले आकडे मला अजून पाठ आहेत. चौकातून पुलापर्यंत बसला चोवीस मिनिटं लागायची, ती अकरावर आली. पुलावरून जाणाऱ्या गाड्या थोड्याच वाढल्या होत्या, त्यांनी ते लपवलं नाही. पण रांग निम्मी झाली आणि चौक मोकळा झाला. पोलीस टपरीवर होते त्या अर्ध्या तासात चारशे अकरा गाड्या गेल्या, त्यात नंबर मोडून गेल्या नऊ. डेपोतल्या ड्रायव्हरांनी सुचवलेली दुरुस्ती म्हणून एक वेगळा परिच्छेद होता, त्यात माझं नाव होतं. रुंदीकरण रद्द झालं. नदीवर नवा पूल झाला तो पुढं तेरा वर्षांनी, आणि तोवर विष्णूच्या अंगणात भाजणी चालू राहिली. मॅडम आता मोठ्या हुद्द्यावर आहेत, दुसऱ्या शहरात.

पण मला सांगायचंय ते त्या बुधवारनंतरच्या शनिवारचं. दुपारी पाळी बदलताना देशमाने साहेब डेपोत आले. एकटेच, जीप बाहेर ठेवून. सगळ्या ड्रायव्हरांना एकदा भेटायचंय म्हणाले. आम्ही चाळीसेक जण शेडमध्ये उभे राहिलो. खुर्ची दिली तर बसले नाहीत. त्यांनी खिशातून एक कागद काढला आणि वाचला.

"सदर ठिकाणी वाहनचालक आळीपाळीने जाण्याची शिस्त पाळणार नाहीत, सबब रुंदीकरणास पर्याय नाही." त्यांनी कागदाची घडी घातली. "हे मी लिहिलं होतं. काल खोडलं. ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं, त्यांना येऊन सांगावं असं वाटलं."

एवढं बोलून ते तसेच उभे राहिले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वैशाखातली दुपार होती, पत्र्याची शेड तापलेली, सगळ्यांच्या खाकी शर्टांचे गळे उघडे; वरचं बटण आम्ही फक्त झेंडावंदनाला लावायचो. माझ्या शेजारच्यानं हात वर नेला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. मग त्याच्या पलीकडच्यानं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शेडमधल्या शेवटच्या माणसापर्यंत एकेकानं बटण लावलं, आणि मीही लावलं.